झोपेवरचं भाषण

रिटायर झाल्यापासून मारोतरावांना झोप येईना, आणि त्याची सगळ्यात जास्त झळ बसली ती त्यांच्या सुनेला, गीतांजलीला.

मारोतरावांची सारी नोकरी भिलाईच्या कारखान्यात गेली. एक आठवडा सकाळची शिफ्ट, एक दुपारची, एक रात्रीची. आता कुठलीच शिफ्ट उरली नव्हती, पण हे त्यांच्या अंगाला कुणी सांगितलं नव्हतं. घर झोपलं की ते खोल्याखोल्यांतून फिरत, आणि हाताला चाळा हवा म्हणून स्वयंपाकघरातले डबे ‘नीट’ लावत. त्यापायी गीतांजलीनं कॉलेजच्या घाईत एकदा चहात मीठ घातलं होतं आणि एकदा पोह्यांत पिठीसाखर. नवऱ्यानं, म्हणजे निखिलनं, पोहे मुकाट्यानं खाल्ले. त्यावर तिला जास्तच राग आला.

गीतांजली दुर्गच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. कुणाचं डोकं दुखलं तरी तिला आधी अठरावं शतक आठवायचं. एका संध्याकाळी तिनं सासऱ्यांना समोर बसवलं.

“बाबा, हा आजार नाहीये. विजेचे दिवे नव्हते तेव्हा युरोपात कितीतरी लोक दोन भागांत झोपायचे, असं काही इतिहासकार म्हणतात. अंधार पडला की पहिली झोप. मग मध्येच उठायचे, गप्पा मारायचे, घरातली कामं उरकायचे, आणि मग दुसरी झोप. सलग झोपायची सवय बाद में आई है.”

मारोतरावांचा चेहरा उजळला. “म्हणजे मी दोन झोपांच्या मधातला आहो.”

“पण पहिली झोप कुठं हाये तुमची?” सासूबाईंनी, सिंधुताईंनी विचारलं. त्यांना स्वतःला उशी दिसायचा अवकाश, की त्या घोरायला लागत. “आन् दुसरी?”

“मधातलं जमून राहिलं ना,” मारोतराव म्हणाले. “आजूबाजूचं जमन हळूहळू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलेले मारोतराव सेक्टर सहाभर ही बातमी पेरून आले. आपल्याला जे होतं तो रोग नसून जुनी रीत आहे, हे त्यांनी भाजीवाल्यालाही पटवलं. आठवडा सरायच्या आत मराठी मंडळाचे अध्यक्ष बाबाराव दारात हजर. मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यासाठी नागपूरहून यायच्या वक्त्याचा घसा बसला होता.

“सूनबाई, तुम्ही झोपेवर बोला,” बाबाराव म्हणाले. “मारोतराव सांगून राहिले, लय मोठा इतिहास आहे म्हणून.”

गीतांजलीला आतून गुदगुल्या झाल्या. तिच्या वर्गात मुलं मोबाइल बघत बसायची. इथं मोठी माणसं आपणहून ऐकायला येणार होती. “भाषण जेवणाआधी आहे ना?” तिनं विचारलं.

“नंतर. आधी ठेवलं तं लोक जेवणाच्या टायमालेच येतात.”

रविवारी ती आईची करवतकाठी साडी नेसून हॉलवर पोचली. खुर्च्या कुणाच्या तरी लग्नात गेल्या होत्या, म्हणून मंडपवाल्यानं जमिनीवर गाद्या अंथरून लोड ठेवले होते. जेवणात वडाभात, कढी, पाटवड्या आणि वर वाटी-वाटी श्रीखंड. मंडळी लोडाला टेकली. दोन्हीकडून कूलर घों-घों करत होते, आणि उन्हासाठी पडदे ओढून घेतले होते. हे सगळं एकत्र बघूनही गीतांजलीला काही शंका आली नाही. भाषण करणाऱ्याला श्रोते दिसतात, गाद्या दिसत नाहीत.

“एके काळी एका अंथरुणावर सगळं घर झोपायचं,” तिनं सुरुवात केली.

पहिल्या रांगेतल्या राधाबाईंनी मान डोलावली. त्यांची मान खाली गेली ती वर आलीच नाही. पहिली झोप सांगून होईपर्यंत मागच्या दोन रांगा आडव्या झाल्या. दुसऱ्या झोपेच्या वेळी माइक सांभाळणारा नरेश त्याच्या पेटीवर गाल टेकवून निजला. कारखाने आले, भोंगे आले, गजराचं घड्याळ आलं, आणि अध्यक्ष बाबाराव गळ्यातल्या हारात हनुवटी रुतवून घोरू लागले. त्यांच्यापुढेही एक माइक होता. त्यांचं घोरणं सगळ्या हॉलभर घुमलं.

गीतांजलीचे डोळे भरून आले. तिनं तोंड मिटलं.

तिचा आवाज थांबला, आणि सगळा हॉल एकदम जागा झाला. चालू मशीन बंद पडली की कारखान्यातला माणूस दचकतो, तसं झालं. भाषण संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. “फार छान,” बाबाराव हार सारखा करत म्हणाले.

“अजून संपलं नाहीये,” ती म्हणाली.

“हो का? चालू द्या मग,” असं म्हणून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

आता आपण सरळ घरी जावं, असं तिनं ठरवलं. तेवढ्यात पदराला ओढ बसली. सिंधुताई वाकून वाकून स्टेजपाशी आल्या होत्या.

“थांबू नको, पोरी,” त्या कुजबुजल्या. “तुझ्या सासऱ्याकडं पाह.”

गीतांजलीनं पाहिलं. पहिल्या रांगेच्या टोकाला मारोतराव उताणे पडले होते. तोंड उघडं, चष्मा कपाळावर, एक हात श्रीखंडाच्या रिकाम्या वाटीवर. एवढ्या टाळ्या झाल्या, पण ते हलले नव्हते.

“रिटायर झाल्यापासून असे झोपले नाहीत हे,” सिंधुताई म्हणाल्या. “बोलत राय. काहीबी बोल.”

गीतांजलीनं डोळे पुसले आणि माइक जवळ ओढला. झोपेचा इतिहास थोड्याच वेळात संपला. मग तिनं हडप्पाची गटारं घेतली, मौर्यांची करपद्धती घेतली, बी. ए. दुसऱ्या वर्षाचा सगळा अभ्यासक्रम घेतला. तो संपल्यावर कॉलेजचं टाइमटेबल सांगितलं, मोहन नगरातल्या माहेरच्या शेजाऱ्यांची भांडणं सांगितली, आणि शेवटी पाटवडीची कृती दोनदा सांगितली. तिच्या आयुष्यात इतका शांत वर्ग तिला कधी मिळाला नव्हता.

चहाचा वास आला तशी बाकीची मंडळी उठली. मारोतराव उठेनात. संध्याकाळी हॉलमध्ये कुणाचा तरी साखरपुडा होता, आणि मंडपवाल्याला गाद्या हव्या होत्या.

“हलवा ना त्यांना,” तो म्हणाला.

“कोनी हात लावाल तं पाहा,” सिंधुताई गादीपुढे उभ्या राहिल्या. “झोपलेल्या माणसाले उठवत नसतात.”

घर दोनच गल्ल्या पलीकडे होतं. शेवटी निखिल, नरेश, बाबाराव आणि मंडपवाला, अशा चौघांनी गादीची चार टोकं खांद्यांवर घेतली. ऊन लागू नये म्हणून सिंधुताईंनी मारोतरावांवर पांढरी चादर टाकली. माशा बसू नयेत म्हणून ती तोंडावरही घेतली. गळ्यातला हार सांभाळत चालता येईना, म्हणून बाबारावांनी तो काढून चादरीवर ठेवला. मागून मंडळातली माणसं पोटं जड झाल्यामुळे मान खाली घालून हळूहळू चालली होती.

आपण कसे दिसतोय हे गीतांजलीच्या लक्षात आलं, तेव्हा रस्त्यावरचे स्कूटरवाले थांबून हात जोडत होते. ती कुणाकुणाला म्हणून सांगणार?

कोपऱ्यावर देवीदास उभा होता. तो आणि मारोतराव कारखान्यात एकाच खात्यात होते. कॅरमच्या एका लाल सोंगटीवरून, क्वीनवरून, त्यांचं बिनसलं, ते आजवर दोघं बोलत नव्हते. देवीदासनं सायकल तशीच रस्त्यात सोडली आणि गादीला धरून रडायला लागला.

“मारोत्या, ते क्वीन तुहीच होती रे,” तो म्हणाला. “कव्हर पन तूनं बरोबर केलं होतं. मीच खोटं बोललो.”

चादर हलली. तिच्यातून मारोतरावांचं डोकं बाहेर आलं. त्यांनी आधी हाराकडे पाहिलं, मग चार खांद्यांकडे, मग देवीदासकडे.

“कोन गेलं?” त्यांनी विचारलं.

मंडपवाल्यानं आपलं टोक सोडलं. बाकीचं आपोआप झालं. सुदैवानं मारोतराव गादीसकटच खाली आले. पडल्या पडल्या ते देवीदासला म्हणाले, “जे बोलला ते आता सगळ्याइसमोर पुन्हा बोल.”

देवीदास बोलला. बोलणं भागच होतं, साक्षीला सगळं मंडळ होतं.

त्या रात्री गीतांजली रुसून खोलीत बसली. लोक आपल्या भाषणात झोपले, हे काही तिच्या मनातून जाईना. सिंधुताई तिच्यासाठी ताट घेऊन आल्या. “डॉक्टरच्या गोळ्यानं जमलं नाही ते तूनं केलं,” त्या म्हणाल्या. “जेव आता.” ती जेवली.

तेव्हापासून देवीदास रोज दुपारी येतो. दोघं व्हरांड्यात बसून जुन्या कॅरमचा निकाल लावतात आणि बोलता बोलता आपापल्या खुर्चीत झोपतात. रात्री मारोतराव अजूनही फिरतात, पण स्वयंपाकघराला आता कुलूप असतं.

गेल्या महिन्यात अहिवाऱ्याच्या मंडळाकडूनही गीतांजलीला बोलावणं आलं. या वेळी ती सावध होती. तिनं फोनवरच सांगितलं, भाषण सकाळी, जेवणाआधी आणि खुर्च्यांवर. त्यांनी सगळं कबूल केलं. खुर्च्यांचं काय, असं तिनं पुन्हा खात्रीसाठी विचारलं, तेव्हा पलीकडचे सचिव उत्साहानं म्हणाले, “मॅडम, आरामखुर्च्या ठेवल्या आहेत.”