लाल झाकणाचा डबा

मुकुंदरावांनी फोटो भिरकावला. तो खाटेखाली जाऊन पडला.

“अहो, टॉवेल आहे तो. तुमचाच, निळा!” वत्सलाबाई काकुळतीनं म्हणाल्या.

मुकुंदरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. हुबळीच्या कोर्टात जन्मभर वकिली केलेला माणूस; अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंडातून धड शब्द फुटत नव्हता. कळत सगळं होतं, म्हणूनच संताप.

त्यांना बोलायला शिकवणारी श्रीलक्ष्मी सकाळी विद्यानगरहून आली. फोटोवर बोट ठेवून हवं ते सांगायची युक्ती तिचीच. तिनं खाटेखालचा फोटो उचलून पाहिला.

“अक्का, यात टॉवेल कुठाय? नुसता फ्लॅश चमकतोय. मागं दोरीवरचे कपडे, बाजूला झाडू. सरांनी काय काय बघायचं?”

दोघींनी टेबल खिडकीशी ओढलं, वर पांढरी चादर अंथरली. फ्लॅश बंद. एका फोटोत एकच वस्तू. वत्सलाबाई फोन अगदी जवळ नेत, की सगळं धूसर.

“स्वल्प मागं सरा, अक्का. नंतर कापून मोठा करू. कोपरं टेबलावर टेका.”

पिवळं लिंबू जमलं. हिरवा साबण जमला. शेवटी श्रीलक्ष्मीनं लाल झाकणाचा डबा आणला.

“साखरेचा आहे गं तो. त्यांना बंद आहे.”

“असू दे, रंग बघा किती उठतोय!”

झाकणावर खिडकीचा पांढरा डाग पडत होता. डबा जरा फिरवल्यावर तो गेला आणि झाकणावरचे ओरखडेसुद्धा दिसू लागले.

मुकुंदरावांनी त्या फोटोंकडे ढुंकूनही पाहिलं नाही. श्रीलक्ष्मी गेल्यावर वत्सलाबाईंनी नेहमीप्रमाणे इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं, ताट वाढलं. दोन घास खाऊन त्यांनी ताट ढकलून दिलं.

“इंजेक्शन दिलंय वो, जेवा तरी!”

नाही म्हणजे नाही.

दुपारी खाट करकरली. मुकुंदराव डाव्या हातानं गादीवर थापा मारत होते.

“पाणी? बाथरूमला जायचंय? पंखा लावू?”

प्रत्येक वेळी मान नकारार्थी हलली. घशातून नुसता घोगरा आवाज. सकाळचाच राग असेल, असं वत्सलाबाईंना वाटलं. त्यांचाही धीर सुटला.

“मग मी काय करू? मला कसं कळायचं?”

मुकुंदरावांनी फोनकडे हात केला. वत्सलाबाईंनी फोटो उघडून समोर धरले. लिंबू. नाही. साबण. नाही. लाल झाकणाचा डबा येताच बोट काचेवर आपटलं. पुन्हा आपटलं.

“साखर? डॉक्टरांनी सांगितलंय ना—”

बोट थरथरत तिथंच राहिलं. काचेवर घामाचा ओला ठसा उमटला. वत्सलाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला. बर्फासारखं गार. सदरा पाठीला चिकटलेला. इन्सुलिन घेतलेलं आणि पोटात दोनच घास!

त्या स्वयंपाकघरात धावल्या. साखरेचं पाणी ढवळताना निम्मं ओट्यावर सांडलं. पेला ओठांना लावला. “हळू, हळू प्या. ठसका लागेल.” एक घोट गेला. मग दुसरा. वत्सलाबाईंची नजर मुकुंदरावांच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. हळूहळू थरथर थांबली, ओठांना रंग आला. तेव्हा कुठं वत्सलाबाईंनी डॉक्टरांना फोन लावला. लगेच घेऊन या, ते म्हणाले.

रिक्षा बोलावून त्यांनी मुकुंदरावांचा ओला सदरा उतरवला, इस्त्रीचा पांढरा चढवला आणि बटणं लावू लागल्या. गळ्यापाशी आल्यावर त्यांनी वत्सलाबाईंचा हात बाजूला सारला. डाव्या हाताची बोटं चाचपडू लागली. बटण काजापाशी येई आणि निसटे.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. वत्सलाबाई हात मांडीवर ठेवून बटण लागायची वाट बघत बसून राहिल्या.