पेढे कुणी मागितलेच नाहीत

मी घोडीवरून पडले आणि कुणी पेढे मागितलेच नाहीत. उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं त्याचं एक वेळ काही नाही, पण हे मात्र मला जिव्हारी लागलं.

गोष्ट शहाण्णव सालची. कानडी मुलखातल्या आमच्या शहराबाहेर, सर्जापूर रोडला तेव्हा दोन्हीकडे नाचणीची शेतं होती आणि त्यात आमची घोडेस्वारीची शाळा. तिथली रीतच होती, की जो पडेल त्याने पेढे वाटायचे आणि मगच पुन्हा रिकिबीत पाय टाकायचा. कॉम्प्युटर कंपनीतला शुभंकर पडला, तेव्हा तो अजून मातीत लोळत होता आणि बाकीची पोरं कुंपणावरून धारवाडी पेढे मागत होती. मी पडले तर कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी. आमचे शिक्षक देवाप्पा, निपाणीकडचे, घोडदळातून निवृत्त झालेले. ते आमच्या ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, अक्कास्नी आता घरीच ऱ्हाऊ द्या. ह्या वयात हाड लवकर जुळत न्हाई."

आता चूक माझी होती, ती मी नाकारत नाही. आमची घोडी जमना मोठी लबाड. पोटाखालून खोगिराचा पट्टा आवळायला लागलं की पोट फुगवून उभी राहते. थोडं चालवून, तिने श्वास सोडला की तो पुन्हा आवळायचा, हे देवाप्पांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण हे कुंपणापाशी घड्याळ बघत उभे, म्हणून मी घाई केली. घोडी दुडक्या चालीने निघाली, खोगीर फिरलं आणि मी खाली. शुभंकरही अगदी असाच पडला होता. मग माझ्या वेळी वय कुठून मध्ये आलं?

जयनगरच्या घरी जो तो बघायला येऊन मला भजनी मंडळ सुचवून गेला. जन्मभर बँकेत राबले, घर ओढलं, सगळं कुणासाठी तरी. हे एकच माझं स्वतःचं होतं. ते असं खुर्ची-पाणी देऊन काढून घेतात म्हणजे काय!

एका रविवारी, हात गळ्यातल्या झोळीत असतानाच, मी ह्यांना पेढे घ्यायला लावले. ह्यांना वाटलं देवळात जायचंय. रिक्षा सर्जापूर रोडला वळली तेव्हा कुठे उजेड पडला.

"उल्का, लोक हसतील."

"पडले तेव्हाच हसायला हवं होतं त्यांनी," मी म्हटलं.

पोरांनी मुकाट्याने एकेक पेढा उचलला. देवाप्पांनी मात्र दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मी घेणार न्हाई, अक्का. खाल्ला की तुम्हास्नी पुन्हा वर बसवावं लागंल."

"म्हणूनच आणलेत."

मी पेढ्यांचा खोका एका हाताने तसाच त्यांच्यापुढे धरून ठेवला.

"पट्टा दुसऱ्यांदा आवळला नाही, ही माझी चूक," मी म्हटलं. "तिचा दंड हा घ्या. वयाचा दंड मी भरणार नाही."

देवाप्पांनी हात पँटीला पुसून पेढा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला.

"हाड जुळंपर्यंत वर बसायचं न्हाई," खाऊन झाल्यावर ते म्हणाले. "तवर रोज घोडीला खरारा करायचा. डाव्या हातानं. स्वल्प वेळ लागंल."

"सरी," मी कानडीत होकार दिला.

मी लगेच पदर खोचला आणि ब्रश घेतला. डाव्या हाताला काही वळण नव्हतं. घोडीच्या केसांतली धूळ सगळी माझ्याच तोंडावर येत होती. जमनाची एक बाजू होईस्तोवर हात भरून आला आणि ब्रश गळून पडला. ह्यांनी तो उचलून दिला, पण चला म्हणाले नाहीत. देवाप्पांनी विचारलं, थांबता का?

मी घोडीच्या पुढून वळसा घालून पलीकडे गेले. तिची दुसरी बाजू राहिली होती.