परत आलेल्यांचा फळा

सकाळी अकरा वाजता यादी लागायची होती. सव्वाअकरा झाले, लागली नाही. रूपालीने मोबाइल बाकावर पालथा ठेवला आणि डबा उघडला. खाल्ला नाही. पुन्हा झाकण लावले.

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. गुलमंडीत एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. माझ्यासमोर बावीस खुर्च्या आहेत. इथे एमबीबीएस झालेले डॉक्टर एखाद्या विषयातले तज्ज्ञ होण्यासाठीच्या पुढच्या परीक्षेचा अभ्यास करतात. परीक्षा झाली की राज्याच्या यादीत प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. आपल्याला हवे ते विषय आणि कॉलेजे पसंतीने एकाखाली एक भरून द्यायची असतात. क्रमांकाप्रमाणे वरून जागा वाटत येतात. तुमची पाळी येईपर्यंत तुम्ही भरलेले सगळे संपले असेल, तर त्या वर्षी तुम्हाला काहीच मिळत नाही.

माझा जन्म वाळूजच्या एका शेडमधला. पुढे पत्रा, मागे भुशाची फळी, कडेने पट्टी. आधी मी एका शिकवणी वर्गात होतो. तिथे मला दिवसातून सहा वेळा पुसत. संध्याकाळी माझ्यावर काही उरत नसे. वर्ग बंद पडला आणि मी भंगारात गेलो. अभ्यासिकेचे मालक फारूखचाचा यांनी तिथून मला रिक्षावर आडवा बांधून आणले. वाटेत एक कोपरा चेपला, तो अजून तसाच आहे.

सात वर्षांपूर्वी इथे बसणाऱ्या कडुबाला मेडिसिनची जागा मिळाली. तो शहागंजातून इमरतीची मिठाई घेऊन आला आणि आनंदाच्या भरात माझ्यावर नाव, क्रमांक व विषय लिहून गेला. चुकून त्याने पार्सलावर पत्ता लिहायचा मार्कर उचलला होता. चाचांनी ओले फडके मारले, साबण लावला. अक्षर हलले नाही. कोणीतरी स्पिरिट सुचवले, तोवर चाचांना ते नाव तिथे आवडू लागले होते. पुढच्या वर्षी तनुजाने त्याखाली आपले नाव लिहिले. तिथून रीत पडली. जागा मिळाली की इमरती आणायची आणि त्याच मार्करने लिहायचे.

माझा मान वाढला. नवी मुले आल्या आल्या माझा फोटो काढत. तो फोटो मोबाइलवरून गावोगाव फिरे. सरकारी याद्या शेकडो पानांच्या असतात, माझ्यावर नाव असलेले माणूस मात्र याच खुर्च्यांवर बसलेले असते. म्हणून त्यांचा माझ्यावर विश्वास जास्त. कुणी मला हात लावून कपाळाला लावी. मला पुसणे मात्र बंद झाले. माझ्यावर धूळ आहे, पण कुणी फडके लावत नाही.

रूपाली पैठणची. हा तिचा तिसरा प्रयत्न. आरोग्य केंद्रातली नेमणूक संपवून ती गेल्या वर्षी इथे आली. यंदा नाही झाले तर पुन्हा बसायचे नाही, असे तिने स्वतःच घरी सांगितले आहे. तिची आई सुरेखाबाई रोज दुपारी फोन करतात आणि फक्त जेवलीस का एवढेच विचारतात. ती जेवले म्हणते.

तिचा क्रमांक चौदाशे अडतीस आला. तिला लहान मुलांची डॉक्टर व्हायचे आहे. बालरोग लिहिलेली पाच नावे माझ्यावर आहेत. सगळ्यात खालचा क्रमांक पंधराशे बारा. तिने तो तीनदा बोट ठेवून वाचला. मग पसंतीक्रमात सात कॉलेजे भरली. सगळीकडे बालरोगच.

ही गोष्ट गेल्या गुरुवारची. पाच वाजता अर्ज बंद होणार होता. एकदा कायम केला की बदलता येत नाही. चार वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर सत्यम आला. शहागंजात त्याचा साधा दवाखाना आहे. दर गुरुवारी तो चाचांचे ब्लडप्रेशर तपासायला येतो. तो नेहमी माझ्याकडे पाठ करून बसतो.

चाचांनी दंडाला पट्टा बांधलेला असतानाच त्याला कौतुकाने सांगितले, की आपल्या रूपालीने सात जागा भरल्या, फळ्याप्रमाणे तिचे पक्के आहे.

सत्यमने पट्ट्यातली हवा सोडली. ब्लडप्रेशरचा आकडा सांगितला नाही. मग तो प्रथमच माझ्याकडे वळला.

"रूपाली, मी चौदाशे दोन होतो," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली, इथंच बसायचो. बालरोगच भरलं होतं, पाच ठिकाणी. दिसतो का मी कुठं?"

तिने वरपासून खालपर्यंत पाहिले. "नाय, सर."

"मिळालं नाय तर इमरती कशाची आणू?"

चाचा पट्टा सोडायचे विसरून बसले. मग ते हळूच म्हणाले, की पंधराशे बारावाला पोरगा जागावाटपाच्या शेवटच्या फेरीत पार विदर्भाच्या टोकाच्या कॉलेजात गेला होता. तेवढे फळ्यावर लिहायचे राहिले.

मित्रांनो, मी रोज या खुर्च्यांकडे तोंड करून असतो. सात वर्षांत इथे एकशे चौदा जण बसलेले मी मोजले आहेत. माझ्यावर नावे अठ्ठावीस. बाकीचे एके दिवशी पुस्तके गोळा करून गेले, आणि आठवड्यात त्यांची खुर्ची दुसऱ्याला मिळाली. हे मला ठाऊक होते. फळ्याला फक्त दाखवता येते, सांगता येत नाही.

"पॅथॉलॉजी, भूल, असलं काही भरलं असतं तर मिळालं असतं तुम्हाला?" रूपालीने विचारले.

"मिळालं असतं. नंतर यादी काढून बघितली मी. तीन कॉलेजांत."

"मंग का नाय भरलं?"

"ह्याला बघून," सत्यम म्हणाला. त्याने माझ्याकडे बोट केले नाही, नुसती मान हलवली. "आणि भरलं असतं तर आज नको त्या विषयात असतो, हेही खरं. ते तुझं तू ठरव. पण ह्याला विचारू नको."

रूपाली बसली. चार वाजून पंचवीस मिनिटांपासून ती एकेक ओळ भरत गेली. आधी बालरोगाची उरलेली कॉलेजे, मग भूलशास्त्र, मग पॅथॉलॉजी. पॅथॉलॉजीपाशी तिचा हात दोन मिनिटे थांबला. चाचांनी चहा आणून ठेवला, त्यावर साय आली. चार वाजून बावन्न मिनिटांनी तिने एकेचाळीस ओळींचा अर्ज कायम केला.

मग तिने खणातून तो मार्कर काढला आणि सत्यमपुढे धरला. त्याने बराच वेळ तो हातात धरला. शेवटी लिहिले: सत्यम, चौदाशे दोन, बालरोग, नाही. 'नाही' हा शब्द माझ्यावर पहिल्यांदाच आला. त्याखाली रूपालीने लिहिले: रूपाली, चौदाशे अडतीस. पुढे काही लिहिले नाही. चाचांनी माठाखालच्या घडवंचीवरचे फडके घेतले आणि माझी कड पुसली. कैक वर्षांनी.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. माझ्यासारख्या फळ्यासमोर उभे राहाल तेव्हा नावे वाचून झाल्यावर मागे वळून खुर्च्याही पाहा. आणि तुम्हाला जागा मिळाली नाही, तरी एकदा परत या. मार्कर खणात आहे. इमरती आणू नका.

आज दुपारी दीड वाजता सुरेखाबाईंचा फोन आला. रूपाली जेवले म्हणाली. चार वाजता यादी सहापर्यंत लागेल अशी सूचना आली. आता सहा वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. चाचांनी अजून दिवा लावलेला नाही. रूपाली खुर्चीवर आहे, डबा बंद आहे. यादी लागलेली नाही. तिच्या क्रमांकापुढची माझी जागा कोरी आहे.