लहरीबाबाचा भारलेला मोबाइल

कासुर्डीच्या शेतकरी कंपनीच्या ऑफिसात शनिवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कॉम्प्युटरला हार घातला होता, कीबोर्डवर हळदकुंकू सांडलं होतं आणि समोर लहरीबाबा डोळे मिटून बसले होते. हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या अनिताबाई दारातच थांबल्या. या वर्षात त्यांनी उघडा पाडायचा हा तिसरा बाबा. त्यांना राग आला नाही, नुसता कंटाळा आला, आणि त्या कंटाळ्याची लाजही वाटली.

भानगड अशी होती. कंपनी गुळाची पावडर बनवते. दुबईच्या व्यापाऱ्याला पाठवलेल्या मेलना तीन आठवडे उत्तर नव्हतं. धनश्री कॉम्प्युटरवर बसू लागली त्यालाही तीनच आठवडे झाले होते. नवरा अपघातात गेलेला, पदरात लहान मुलगी. मग काय, कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही.

"विधवेच्या हाताची लहर उलटी फिरते," बाबा म्हणाले. "मेल वर चढतो, आकाशात गिरकी घेतो आणि तिथंच लटकतो. आता भारलेल्या मोबाइलची करामत बघा." त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर दोन ओळी टाइप केल्या, फुंकर मारली, बोट टेकवलं. कंपनीचे अध्यक्ष मारुतराव यांच्या खिशात टिंग वाजलं. गर्दीनं हात जोडले.

धनश्री कोपऱ्यात उभी होती. हातात राजीनाम्याचा कागद होता. तोही तिच्याकडूनच टाइप करून घेतला होता.

"आप्पा, हा मेल कुणाच्या पत्त्यावरून आलाय, वाचा जरा," अनिताबाई म्हणाल्या.

मारुतरावांनी चष्मा चढवला. "ह्यो तर बाबांचाच पत्ता हाय."

"मग कंपनीचा मेल सुटला कुठं? आणि दुबईवाला उत्तर देणार कुणाला? बाबांना." त्यांनी मारुतरावांच्या मोबाइलवर स्पॅमचा कप्पा उघडला. धनश्रीनं पाठवलेल्या प्रत्येक मेलची त्यांना जाणारी प्रत तिथं पडून होती. "आकाशात काही लटकलेलं नाही. सगळं पोचलंय, फक्त नको असलेल्या मेलांत टाकलं गेलंय. दुबईतही हेच होत असणार."

"या बाईंची विद्या अर्धवट आहे," असं पुटपुटत बाबांनी झोळी उचलली.

"पन ही आली आन् तवाच कसं झालं हे?" मारुतरावांनी विचारलं.

"त्या आठवड्यात आणखी काय बदललं?"

मारुतराव आठवू लागले. "पुण्याच्या पोरानं वेबसाइट नवी केली. मेलचा सर्व्हर बी बदलला म्हनला."

"कॉन्ट्रॅक्टरनं गेटवर नावांची यादी दिली नाही, तर कुरकुंभच्या कारखान्यात वॉचमन कामगाराला आत सोडतो का?"

"न्हाई."

"कामगार खरा असला तरी?"

"तरी न्हाई सोडत."

"तसंच हे. आपल्या नावानं कुठला सर्व्हर मेल पाठवणार, याची यादी डोमेनच्या, म्हणजे आपल्या वेबसाइटच्या नावाच्या, डीएनएस नोंदींत लागते. तिला एसपीएफ म्हणतात. डीकेआयएम म्हणजे मेलवरची सही, खरी की खोटी ते पलीकडच्याला तपासता येतं. आणि यातलं काहीच जुळलं नाही तर त्या मेलचं काय करायचं, ती सूचना डीमार्कमध्ये. पोरानं सर्व्हर बदलला, नोंदी करायच्या राहिल्या."

पुण्याला फोन लावून पासवर्ड मिळवला. अनिताबाईंनी नोंदी भरल्या. "आता दोन तास तरी थांबावं लागेल. नोंदी सगळीकडं पोचायला वेळ लागतो."

चमत्कार एका मिनिटात उरकला होता. दोन तास थांबायला कुणाला सवड होती? कुणाची धार काढायची राहिली होती, कुणाची शिफ्ट होती. दिवस कलला तेव्हा ऑफिसात तिघंच उरली.

धनश्रीनं कीबोर्ड पुसला आणि कंपनीच्या पत्त्यावरून मेल पाठवला. या वेळी तो मारुतरावांच्या मोबाइलवर सरळ इनबॉक्समध्ये आला. मग तिनं दुबईचा मेल नव्यानं पाठवला.

"झालं पोरी, फाड त्यो कागद," मारुतराव म्हणाले. "सोमवारी ये कामावर."

ती उठली नाही. "आप्पा, कागद फाडते. पन हितं शंभर मानसांनी ऐकलं की माझा हात वाईट हाय. ती आता घरोघरी तेच सांगत असतील. त्यांना कोन सांगनार?"

मारुतराव उठले. मग त्यांनी चपला घातल्या. "चला मॅडम. पयल्या घरापास्नं सुरू करू."

अनिताबाईंचे पाय दुखत होते, तरी त्या निघाल्या. लोकहो, मेल का अडला हे कळून तो सुटायला दोन तास लागतात. कुणाच्या पोटावर पाय देण्याआधी तेवढे दोन तास थांबत जा.