वर आपले, खाली त्यांचे

खिळ्यासकट कॅलेंडरांचा गठ्ठा सत्यम सरांच्या हातात आला आणि भिंतीचा मूठभर गिलावा पिठाच्या परातीशेजारी पडला.

"आगं बाई! सर, पीठ हाय खाली!" केशरबाईंनी परात झटकन पुढे ओढली. "आन् आठ गोल खाल्ल्यासारखं तोंड कावून करताय? बसा त्या गव्हाच्या पोत्यावर."

"मावशी, एका खिळ्यावर दहा वर्षं टांगलीत तुम्ही. शिवकन्याताईंच्या आधी ह्या खिळ्याचा सत्कार करायला पाहिजे."

"करा की. पर हार मला घाला, खिळा मीच ठोकलाय."

आष्टी तालुक्यातल्या त्या आश्रमशाळेच्या मुलींच्या वसतिगृहात केशरबाई सव्वीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. दर जानेवारीत नवं कॅलेंडर यायचं आणि त्या ते जुन्याच्याच वर अडकवायच्या. जुनं काढून टाकायचा त्यांना जीव होत नसे. चौकोनांत इतर घरांत असतं तेच असायचं, दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची खूण. पण मधूनच एखाद्या चौकोनात दोन आकडे, एकाखाली एक, मध्ये आडवी रेघ. वर आपले, खाली त्यांचे. आपले म्हणजे भारताच्या मुलींच्या फुटबॉल संघाचे गोल. शेजारी बारीक अक्षरात कुणाशी सामना ते, कधी 'नेपाळ', कधी 'लंका', कधी नुसतं 'उजबेक'. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या मानाने अक्षर गोल आणि ठसठशीत होतं.

रविवारी शाळेचा वर्धापनदिन होता. ह्या शाळेतून राष्ट्रीय संघात गेलेली एकुलती एक मुलगी म्हणून शिवकन्याचा सत्कार ठरला होता. मुख्याध्यापकांच्या मनात आलं की 'दहा वर्षे राष्ट्रीय संघात' असा मोठा फलक करायचा आणि त्यावर दहा वर्षांचे निकाल तारीखवार रंगवायचे. पण ती माहिती कुणाकडे? तेव्हा केशरबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून हात वर केला होता, वर्गातल्या मुलीसारखा.

सत्यम सर गेल्याच वर्षी क्रीडाशिक्षक म्हणून आले होते. ते पोत्यावर बसून एकेक आकडा मोबाइलवरच्या माहितीशी ताडून वहीत उतरवू लागले. केशरबाई पीठ मळत सांगू लागल्या. हे सगळं त्यांनी अनेकांना अनेकदा सांगितलं होतं.

शिवकन्या तिसरीत आली तेव्हा इतकुशी होती. दसरा झाला की आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेले आणि पोर इथं. वसतिगृहात एक नियम होता, पहिला महिनाभर आईबापाचा फोन पोरींना द्यायचा नाही. आवाज ऐकला की पोरी जास्त रडतात, एखादी कुंपण ओलांडून सडकेला लागते. नियम कुठे लिहिलेला नव्हता. केशरबाईंनी तो अनुभवाने घातला होता आणि रेक्टर वनमालाबाईंनी मानला होता. बाकीच्या पोरी फोन वाजला की ऑफिसच्या दाराशी घुटमळत. शिवकन्या घुटमळली नाही. ती चुलीपाशी येऊन बसली ती बसलीच.

ऐंशी पोरींच्या भाकरी करायच्या म्हणजे उठबस परवडत नाही. केशरबाई भाकरी भाजली की बसल्या जागेवरून पलीकडच्या दुरडीकडे भिरकावत. दुरडीपाशी कोणीतरी फडकं घेऊन उभं राहायचं. खाली पडलेली भाकरी मावशीच्या ताटात, हा तिथला कायदा. शिवकन्या फडकं घेऊन उभी राहू लागल्यापासून मावशीच्या ताटात पडलेली भाकरी आली नाही. डावीकडे टाका, उजवीकडे टाका, पोर झेप घेई. एकदा तेव्हाचे खेळाचे सर चहाला आले, कप हातात धरून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला गोलच्या खांबांमध्ये उभी केली. मग जिल्हा, विभाग, राज्य, आणि अठराव्या वर्षी थेट देशाचा संघ. तिसरी गोलकीपर. बहुतेक वेळ बाकावरच.

"बाकावर तर बाकावर," केशरबाई म्हणाल्या. "बाक तर देशाचा हाय ना?"

सामना झाला की ऑफिसातला फोन वाजायचा. केशरबाई पिठाच्या हातानं धावायच्या. "मावशी, लिवा. आपले दोन, त्यांचे शून्य." जिंकल्याचं ऐकलं की त्या रिसीव्हर टेबलावर टाकून उलथनं घेऊन पळत आणि ताट बडवत, "जिंकल्या गं पोरी!" परत येईपर्यंत फोन बंद झालेला असे. हरलं तर मात्र स्टूल ओढून बसायच्या. "रडू नको. काय खाल्लंस? त्येल लावलंस का डोक्याला? आगं, हार काय कुणाला चुकलीय? सांग बरं, कसा गेला गोल?" वनमालाबाई दोनदोनदा खाकरायच्या, तरी त्या फोन ठेवत नसत.

सांगतासांगता केशरबाईंच्या ध्यानात आलं की सत्यम सर मघापासून हसत नाहीयेत.

"मावशी, हे चौथं वर्ष. ऑक्टोबरातली ही मॅच कुणाशी?"

"उजबेक. एक-तीन. हारलो. लई रडली होती त्या दिशी."

"त्या दिवशी मॅचच नव्हती."

"मोबाईलला समदं ठाऊक असतं व्हय?"

"पहिली तीन वर्षं एकूण एक बरोबर आहेत. तुमचा एकही आकडा चुकलेला नाही. पण नंतर..." त्यांनी पुढची कॅलेंडरं एकामागून एक चाळली. "ही नाही. हीपण नाही. आणि ह्या सगळ्या रविवारच्याच कशा? मावशी, चौथ्या वर्षापासून संघाच्या यादीत ताईंचं नावच दिसत नाही."

केशरबाईंचे हात पिठातच थांबले.

"मग ती कुठून खेळत होती?"

सरांनी मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "पेंटर दुपारी येतोय. आमदार येणार, पत्रिका गावभर गेल्यात. मुख्याध्यापकांना सांगितलं तर ताईंची सगळ्यांदेखत शोभा होईल. नाही सांगितलं तर खोटं माझ्या हातानं रंगवलं जाईल. मी काय करू?"

"दुपार व्हायची हाय अजून," केशरबाई म्हणाल्या. "ती कॅलेंडरं ठिवा हितं. आन् पोरींना यळ झाला, मला भाकरी टाकू द्या."

जेवणं उरकल्यावर त्या सात वर्षांची सात कॅलेंडरं मांडीवर घेऊन बसल्या. पहिल्यांदा राग आला. सात वर्षं पोरींपुढे ताट बडवलं ते कशासाठी? मग त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक चौकोन बघत गेल्या. एक-तीन. शून्य-दोन. एक-एक. शून्य-चार. एक-दोन. सात वर्षांत वरचा आकडा मोठा असलेले चौकोन जेमतेम पाच निघाले.

खोटंच सांगायचं तर जिंकायचं की गं, त्या मनाशी म्हणाल्या. हातचंच तर होतं. हारलीस कावून?

आणि मग त्यांना ती ओली दुपार आठवली. चौथ्या वर्षीचा श्रावण. एका आठवड्यात शिवकन्याचा तीनदा फोन आला होता, सामना नसताना. पहिल्यांदा म्हणाली, गुडघा दुखतोय मावशी. दुसऱ्यांदा म्हणाली, उगंच केला. तिसऱ्यांदा काही बोललीच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. केशरबाईंनी ओळखलं, पोरीला घर आठवतंय. अशा वेळी काय करायचं ते इतक्या वर्षांत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या करड्या आवाजात म्हणाल्या होत्या, "हे बघ शिवकन्ये, आसं सारखं सारखं फोन करायचं न्हाई. आवाज ऐकला की आनखी रडू येतं. मॅच झाली की फोन कर, मधी करू नको."

दोन महिने फोन आला नाही. मग एका रविवारी आला. "मावशी, लिवा. उजबेक. आपला एक, त्यांचे तीन." आणि केशरबाईंनी स्टूल ओढलं होतं.

पुढे त्यांच्याकडे स्वतःचा मोबाइल आला, स्टूल गेलं. पण रीत तीच राहिली. जिंकली की ताट, हरली की गप्पा.

 केशरबाईंनी कॅलेंडरं पदराने पुसून नीट एकावर एक रचली आणि त्या मैदानाकडे निघाल्या. सत्यम सर पेंटरला उगीचच चुना कुठे मारायचा ते दाखवत वेळ काढत होते.

"सर, फळ्यावर तीन वर्षं लिवा. 'तीन वर्षे राष्ट्रीय संघात'. तुमच्या मोबाईलात हायत तेवढेच आकडे. बाकीची कॅलेंडरं मी दिली न्हाईत म्हना."

"आणि मुख्याध्यापकांनी विचारलं तर?"

"म्हनावं, मावशीला दहा आन् तीनातला फरक कळंना. म्हातारी हाय." त्यांनी आवाज हळू केला. "पोरीनं जे सांगितलं ते मला सांगितलं, शाळेला न्हाई. तुमच्या फळ्यावर मीच घिऊन गेलते ते. चूक झाली ती माझी."

"तीन वर्षंही कमी नाहीत, मावशी. अख्ख्या तालुक्यातून कोण गेलंय?"

"त्येच म्हनते मी. मोठ्या अक्षरात लिवा."

खोलीत येऊन त्यांनी मोबाइल घेतला. शिवकन्याचा नंबर त्यांनी स्वतःहून आजवर कधी लावला नव्हता. दुसऱ्याच रिंगला तिकडून घाबरा आवाज आला, "मावशी? काय झालं? कुणाला काय झालं का?"

"कुनाला काय न्हाई. उगंच केला."

पलीकडे माणसांचा गलका होता. कोणीतरी नंबर पुकारत होतं. शिवकन्या बाजूला झाली असावी, गलका कमी झाला.

"आज मॅच न्हाई, मावशी."

"ठाऊक हाय. कुठं हायस?"

 अगदी बारीक आवाजात उत्तर आलं, "दवाखान्यात. पुण्यात. आजारी न्हाई, नोकरी हाय हितं. केसपेपर काढून देते लोकांना."

"कवापासून?"

"सात वर्षं."

"आन् गुडघा?"

"जिना उतरताना दुखतो. मावशी... मी न्हाई येत रविवारी."

"यायचं. रविवारी सुट्टी असती ना तुला?" केशरबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. "फळ्यावर तीन वर्षं लिवलीत. ती तुझी हायत, कुनी काढून घ्यायची न्हाईत. उरलेली सात माझ्या सैपाकघरात हायत. तिथं कुनी बघाया येत न्हाई. जेवलीस का?"

"न्हाई अजून."

"मंग जेव. आन् उद्या फोन कर. मॅच नसली तरी कर."

रविवारी सकाळी मंडपात सतरंज्या पडल्या, माइकवर कोणीतरी 'हॅलो, हॅलो' करू लागलं. स्वयंपाकघरात धूर कोंडला होता. नवा खिळा ठोकून कॅलेंडरं पुन्हा जागेवर गेली होती, दहाच्या दहा. केशरबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि दारात सावली पडली म्हणून वर पाहिलं.

शिवकन्या आता भरलेली, केस मागे घट्ट बांधलेली, हातात छोटी पिशवी. उंबरा ओलांडताना तिने आधी डावा पाय टाकला, मग उजवा त्याच्याजवळ आणला. तिची नजर भिंतीकडे गेली आणि तिथून खाली वळली.

"मावशी, मी ते..."

"फडकं त्या दांडीवर हाय," केशरबाई म्हणाल्या. "दुरडीपाशी हुबी ऱ्हा. ऐंशी पोरी हायत, आन् वर आमदाराची मान्सं."

शिवकन्याने पिशवी खाली ठेवली. फडकं घेतलं. पहिली भाकरी सरळ गेली, तिने झेलली. दुसरी जराशी उजवीकडे, तीही. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जुनं हललं. पंधरा-वीस भाकऱ्या अशा गेल्या. मग केशरबाईंचा हात डावीकडे चुकला. शिवकन्या झेपावली, गुडघा अडला आणि भाकरी फडक्याच्या टोकाला लागून जमिनीवर पडली.

बाहेर टाळ्या वाजल्या. आमदारांची गाडी आली असावी. सत्यम सरांचा आवाज आला, "शिवकन्याताई कुठे आहेत? बोलवा त्यांना!"

ती पडलेल्या भाकरीकडे बघत उभी होती. "सुटली, मावशी," ती म्हणाली.

केशरबाई उठल्या. भाकरी उचलून त्यांनी तिच्यावरची धूळ झटकली आणि ती आपल्या ताटात ठेवली. मग कोपऱ्यातला पाट पायाने चुलीजवळ सरकवला.

"मंग बस हितं," त्या म्हणाल्या. "सांग, कशी सुटली."