मागच्या दाराच्या पायऱ्या

वर्ना कॉबने केंटकीतल्या नदीकाठचं एक जुनं, चाकांवरचं फिरतं घर विकत घेतलं आणि ट्रकमागे ओढून आपल्या टेकडीवर आणलं. नवरा अर्ल कुजलेल्या फळ्या उखडून नव्या ठोकू लागला. पण रोज दुपारी साडेतीनला मागचं दार आपोआप उघडायचं. अर्लने कडी बदलली, चौकट सरळ केली, तरी उघडायचंच.

“वारा असेल गं,” तो म्हणाला. पण त्याचा हातोडा थांबला होता.

वर्नाने घर विकणाऱ्या बाईला फोन लावला. ती म्हणाली, “त्या वेळी शाळेची बस यायची. माझा धाकटा भाऊ नदीत बुडाला, तरी आई मरेपर्यंत रोज दार उघडून उभी राहायची.”

दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तशी वर्ना उंबऱ्याशी गेली. “माउली, इथे बस येत नाही हो,” ती हळूच म्हणाली. शेजारी गारठा जाणवला. दार मात्र मिटेना. जुन्या पायऱ्या नदीकाठीच राहिल्या होत्या; दाराखाली चार फूट नुसती पोकळी होती.

“अर्ल,” तिने हाक मारली, “फळ्या राहू दे. आधी इथे पायऱ्या बांध. पोर आलंच, तर चढणार कसं?”