दोन साडू, एक तंबू

"माझी बॅग चार किलोच्या वर गुंजभरही जाणार नाही," सोनार म्हणाला. "वजन हा माझा धंदा आहे. मला वजन शिकवू नका."

जेवणाच्या टेबलावर बायको, मेहुणी आणि साडू अशा तिघांच्या तोंडावर तो हे म्हणाला, तिथेच चुकलं. कारण साडू लगेच उठला, दाराजवळ भरून ठेवलेली ती बॅग उचलून त्यानं न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. काटा पावणेअकरावर जाऊन थरथरत थांबला.

"यात पाणी धरलेलं नाही," साडू आतून म्हणाला. "आणि तंबूही नाही. तंबू अजून दुकानातच आहे."

"काटा खराब आहे," सोनार म्हणाला.

"सकाळी तर चांगला होता," त्याची बायको म्हणाली. "दोन किलो उतरलो म्हणून सगळ्या घराला उठवलंत."

दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणं शक्य नव्हतं, आणि सोनाराला त्या दोन किलोंचा फार अभिमान होता. त्यानं काट्याचा विषय सोडला. मग बॅग सगळ्यांसमोर उपसण्यात आली. तीतून एक घडीची खुर्ची, रजई, संध्याकाळी पायात घालायच्या सपाता आणि दाढीचा आरसा निघाला. आरशाला लाकडी चौकट होती.

"चौकटीशिवाय फुटेल ना," सोनार म्हणाला.

हे सगळं ज्या घरापायी चाललं होतं, ते घर दुमजली होतं. वर एक संसार मावेल, खाली एक मावेल, मधे एकच स्वयंपाकघर. दोघी बहिणींनी ते बघितलं आणि त्यांची झोप उडाली. थोरली सोनाराला दिलेली, धाकटी पार्सल कचेरीतल्या कारकुनाला. एक गावाच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला, भेटायचं तर दोन बस. धाकटीला टेलिफोनची रात्रपाळी. ती सकाळी घरी यायची तेव्हा नवरा कामावर निघालेला असायचा, आणि तिला दिवसभर बोलायला म्हणून कोणी नसायचं. तिला ते घर हवंच होतं. थोरलीलाही हवं होतं, कारण दुकानावरच्या खोल्यांत आम्लाचा वास पडद्यांत भिनला होता. नवऱ्यांनाही घर हवं होतं. फक्त त्यात दुसरा नको होता.

दोघा साडूंचं भांडण असं कधी झालं नव्हतं. भांडायचं तर आधी समोरच्याचं बोलणं खरं मानावं लागतं, आणि तिथवर ते कधी पोचलेच नव्हते. सोनाराच्या मते पार्सलवाला म्हणजे गोड बोलून दुसऱ्याच्या खांद्यावर ओझं ठेवणारा माणूस. पार्सलवाल्याच्या मते सोनार म्हणजे सोनार. त्याहून जास्त काही सांगायची गरज त्याला वाटत नसे.

"उद्या एका घरात राहायचं, तर आधी एका तंबूत राहून दाखवा," धाकटीनं फर्मान काढलं. पार्सलवाल्याला कित्येक वर्षांपासून नदीकाठानं चालत समुद्रापर्यंत जायचं होतं, पाठीवर हलकं सामान, मुक्काम तंबूत. सोनाराला डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं. "बारा दिवसांची वाट आहे. पण घरमालक तेवढा थांबायचा नाही. तेव्हा आधी तळ्याकाठच्या तळावर एक मुक्काम करा. आम्ही दोघी बघायला येतो. सकाळी उठून एकमेकांशी बोलत असाल तर घर घेऊ. मग जा खुशाल समुद्रात."

"समुद्रापर्यंत," पार्सलवाला म्हणाला.

"तेच ते."

हलकं चालायचं म्हणजे कुठलीच गोष्ट दोन घ्यायची नाही. दोघांत एक तंबू, एक शेगडी, एक पातेलं, एक टूथपेस्ट. तंबूही फोडून वाटून घ्यायचा, एकाकडे कापड, दुसऱ्याकडे दांड्या आणि खुंट्या. पुस्तकात हे वाचताना किती छान वाटतं. पण इथे वाटा म्हटला की दोघांच्याही भुवया वर जायच्या.

"तोलायचं कुठे?" पार्सलवाल्यानं विचारलं.

"माझ्याकडे. माझा काटा केसाचं वजन सांगतो."

"कोणाच्या बाजूनं सांगतो, तो प्रश्न आहे."

"मग तुमच्या कचेरीतला काटा घ्या. तिथे कागद ठेवला तरी विटेचे पैसे लागतात."

शेवटी ज्यात कोणाचाच हात नाही असा काटा शोधायचं ठरलं, आणि तो बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात सापडला. दोघं बॅगा घेऊन आयांच्या रांगेत बसले. नंबर आला तशी नर्स म्हणाली, "बाळ कुठंय?"

"हे," सोनारानं बॅग पुढे केली.

"आणि हे," पार्सलवाल्यानं दुसरी केली.

नर्सनं बराच काळ नोकरी केली होती, त्यामुळे तिनं कारण विचारलं नाही. तिनं तागडीत स्वच्छ फडकं अंथरलं. "लोक इथे वजन वाढलं म्हणून हसत बाहेर पडतात," ती म्हणाली. "तुम्हाला काय हवंय?"

"कमी," पार्सलवाला म्हणाला.

"यांच्यापेक्षा कमी," सोनार म्हणाला.

वाटणीची पद्धत चोख होती. एकानं दोन वाटे करायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. सोनारानं एकीकडे कापड ठेवलं, दुसरीकडे दांड्या, खुंट्या आणि पातेलं. पार्सलवाल्यानं कापड उचललं.

"का?" सोनारानं विचारलं.

"का म्हणजे? आवडलं."

"कापडात कुठेतरी पाणी मुरतंय. द्या इकडे."

पार्सलवाल्यानं दिलं, पण इतक्या सहज दिलं की सोनाराला शंका आली. त्यानं ते परत केलं. आता पार्सलवाल्याला शंका आली. असं तीनदा झालं. मग दांड्यांच्या खणखणाटानं आतलं एक बाळ उठलं, त्याच्या आवाजानं बाकीची उठली, आणि नर्सनं दोघांना बॅगांसकट बाहेर काढलं. पायरीवर बसून त्यांनी हिशेब संपवला. कापड सोनाराकडे राहिलं, दांड्या पार्सलवाल्याकडे.

टूथब्रशचे दांडे कापायचे होते. आपला ब्रश कोणी प्रामाणिकपणे कापणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून त्यांनी एकमेकांचे कापले. सोनाराची कानस बारीक होती आणि मन मोठं. पार्सलवाल्याच्या हातात नुसते केस उरले.

त्या आठवड्यात दोन्ही बॅगा झपाट्यानं रोडावल्या. दुसऱ्यांदा तोलायला गेले तेव्हा दोन्ही पावणेचार भरल्या. नर्स म्हणाली, "अशी उतरण आमच्याकडे असती तर आम्ही ॲडमिट करून घेतलं असतं."

दाराबाहेर पार्सलवाल्यानं विषय काढला. "साडूसाहेब, पावणेअकराचे पावणेचार झाले. कसे?"

"त्याग केला. तुमचेही आठाचे पावणेचार झालेत."

"मीही त्यागच केला."

दोघांनी एकमेकांच्या त्यागाकडे नीट बघितलं. मग तिथल्या तिथे असं ठरलं की बॅगा सील करायच्या, म्हणजे तळावर पोचेपर्यंत कोणी आत काही टाकणार नाही आणि आतलं काही काढणार नाही. पार्सलवाल्यानं कचेरीची पट्टी आणून दोन्ही बॅगांना आडवी-उभी गुंडाळली. सोनारानं दोन्ही चेनींवर लाख वितळवून ओतली आणि वर दुकानाचा छाप मारला. लाख ओतताना त्यानं हात आखडता घेतला नाही. आता बॅगा ठेवायच्या कोणाकडे? सोनाराची बॅग पार्सलवाल्याकडे गेली, पार्सलवाल्याची सोनाराकडे आली, ओलिसांसारखी.

तळ्यापर्यंत दोघं चालत गेले. बहिणी बसनं आधीच पोचून सावलीत बसल्या होत्या. लांबून नवरे येताना दिसले.

"मागेपुढे का चालत नाहीत गं?" धाकटीनं विचारलं.

"मागे कोणी राहायला तयार नसणार."

तळावर पोचल्यावर सील तपासून झालं, दोन्ही शाबूत. दोघांनाही जरा वाईट वाटलं. मग पट्टी सोडवली आणि चेन ओढली. चेन हलली नाही. लाख चेनीच्या दातांत उतरून दगड झाली होती. ती तापवून काढायची तर काडेपेटी बॅगेत होती, आणि कापायची तर चाकूही बॅगेत होता. दोन्ही गोष्टी एकेकच घेतल्या होत्या, आणि दोन्ही बंद.

तळाचा रखवालदार कुंपण कापत होता. तो मोठी कात्री घेऊन आला आणि त्यानं विचारलं, "कुठून?"

"आधी त्यांची," दोघंही म्हणाले.

त्यानं दोन्ही कापल्या, माशाचं पोट फाडावं तशा. कापड निघालं, दांड्या निघाल्या. तंबू उभा राहिला, हे खरं तर आश्चर्यच. पण त्यापलीकडे दोन्ही बॅगांत फारसं काहीच नव्हतं. शेगडी, पातेलं, काडेपेटी, चाकू, मोजे, बिस्किटं आणि ते टूथब्रश.

"अंथरूण कुठंय?" थोरलीनं विचारलं.

सोनार तळ्याकडे बघू लागला. पार्सलवालाही तळ्याकडे बघू लागला. तळ्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"अहो, रजई म्हणतेय मी. आणि तुम्ही कशावर झोपणार होतात?" तिनं पार्सलवाल्याकडे मान वळवली.

"मला वाटलं, साडूसाहेब नक्की चोरून काहीतरी आणणार. तेच दोघांना पुरलं असतं," पार्सलवाला म्हणाला.

"आणि मला वाटलं, हे आणणार," सोनार म्हणाला.

तेवढ्यात रखवालदार आपल्या खोलीच्या दारातून ओरडला, "सामान आता बाहेर काढू का? मला पाय ठेवायला जागा नाही."

"कोणाचं सामान?" धाकटीनं विचारलं.

"यांचं. हे परवा स्वतः येऊन ठेवून गेले." त्यानं घडीची खुर्ची बाहेर आणली, तिच्यावर रजई, रजईवर सपाता आणि सगळ्यांत वर चौकटीतला आरसा. "आणि यांचं पार्सलनं आलं. माझ्याच नावावर. मला वाटलं, मला कोणी काही पाठवलंय. उघडलं तर उश्या."

पार्सलात हवा भरायची गादी होती, दोन उश्या होत्या, कंदील होता, बिस्किटांचा मोठा डबा होता आणि एक अख्खा, न कापलेला टूथब्रश होता.

सोनारानं पार्सलाला एक फेरी मारली. त्याच्या मनावरचं कित्येक वर्षांचं ओझं उतरलं होतं. हा माणूस लबाड आहे असा त्याला कायम संशय होता, आणि संशय फार थकवतो. आता संशय उरला नव्हता.

"बांधलंय मात्र झकास," तो म्हणाला.

"खुर्ची भक्कम आहे," पार्सलवाला म्हणाला. "थोडा वेळ मी बसू का?"

"बसा. पण मी बघतोय."

दोघी बहिणी रखवालदाराच्या बायकोकडे झोपायला गेल्या. सकाळी धाकटी आधी उठून झाडामागून बघून आली.

"ताई, बोलतायत."

"खरंच? काय बोलतायत?"

"पार्सलातली बिस्किटं रखवालदारानं खाल्ली असं भावोजींना वाटतंय. हे म्हणतात, नुसती खाल्ली नाहीत, डब्याचं वजन भरावं म्हणून तळाला खडे घातलेत. आता दोघं मिळून डबा उपडा करतायत."

"दोघं मिळून?"

"दोघं मिळून. हे डबा धरतायत आणि भावोजी खडे मोजायला बसलेत."

थोरलीनं डोळ्यांना पदर लावला. "चल," ती म्हणाली, "घरमालकाला फोन कर. घेतलं म्हणावं."

खडे निघाले नाहीत, पण रखवालदारावरचा संशय त्या दोघांना पुढे बरेच दिवस पुरला. समुद्राची वाट सध्या बाजूला ठेवली, कारण घर बदलणं हीच मोठी मजल होती. धाकटीनं रजा टाकली. घरमालक किल्ल्या घेऊन स्वतः हजर झाला आणि आपली नवी गाडी त्यानं बाहेरच्या जिन्याच्या पायथ्याशी सावलीत लावली. थोरलीचं लोखंडी कपाट वरच्या मजल्यावर चढवायचं होतं. सोनारानं वरचं टोक धरलं, पार्सलवाल्यानं खालचं.

"उचलताय ना?" अर्ध्या जिन्यात सोनारानं विचारलं.

"मी तर उचलतोय. तुम्ही?"

"म्हणजे काय, सगळं मीच तर उचलतोय."

"मग मला एवढं जड का लागतंय?"

समोरचा खरंच उचलतो आहे की नुसता हात लावून उभा आहे हे बघायला दोघांनी एकाच वेळी हात सोडले. पार्सलवाला कठड्याला चिकटला म्हणून वाचला. कपाट घरमालकाच्या गाडीवर पडलं.